जुन्या स्पोर्ट्स कारची किंमत कशी काढायची? नाशिककर नवख्यांसाठी

देवळाली कॅम्पातल्या बंगल्याच्या आउटहाउसमध्ये नाहीतर निफाडकडच्या एखाद्या जुन्या वाड्यात ताडपत्रीखाली दोन सीटांची, उघड्या टपाची गाडी उभी असते. घरच्यांना तिच्याबद्दल दोनच गोष्टी ठाऊक असतात. एक, ती आजोबांची आहे. दुसरी, "फॉरेनला हिचे कोटीत पैसे मिळतात." पहिली बहुधा खरी असते.

२०२२ साली मर्सिडीजच्या १९५५ च्या ३०० एसएलआर उलेनहाउट कूपेला १३.५ कोटी युरो मिळाले. ती बातमी व्हॉट्सॲपवर फिरली आणि ज्याच्या दारात म्हणून जुनी गाडी होती त्याने मनातल्या आकड्यापुढे एक शून्य वाढवलं. पण तसल्या गाड्या जगात दोनच बनल्या. आपल्याकडे ज्या ब्रिटिश टू-सीटर सापडतात त्यांतली एमजी टीसी १९४५ ते १९४९ या काळात दहा हजारांच्या घरात बनली. तिची किंमत निघते, चांगली निघते, पण ती बातमी वाचून निघत नाही.

नवखा माणूस गाडीभोवती फिरतो तेव्हा तो रंग बघतो, मग क्रोम, मग सीटचं लेदर, मग "चालू होते का?" विचारतो, आणि कागद सगळ्यात शेवटी मागतो. किंमत नेमकी उलट्या क्रमाने बनते. आधी कागद आणि नंबर, मग सांगाडा, मग इंजिन, आणि रंग शेवटी. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. उदाहरणाला मी बहुतेक ठिकाणी एमजी टीसीच धरली आहे. गाडी दुसरी असली तरी पद्धत हीच.

आधी ठरवा, किंमत कशासाठी हवी आहे

एकाच गाडीच्या एकाच दिवशी तीन वेगळ्या किमती निघू शकतात आणि तिन्ही बरोबर असतात.

विकायची असेल तर प्रश्न असा, की घाई न करता चार-सहा महिने थांबलो तर समजदार गिऱ्हाईक किती देईल. व्यापाऱ्याला आज विकायची असेल तर यापेक्षा कमी येणार. गाडी त्याच्याकडे किती दिवस पडून राहील ते त्यालाही माहीत नसतं, त्यामुळे त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही.

विम्यासाठी प्रश्न वेगळा. गाडी उद्या गेली तर तशीच दुसरी उभी करायला किती लागतील? पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची विमा रक्कम घसाऱ्याच्या तक्त्यावरून निघत नाही, कंपनी आणि मालक ती आपसांत ठरवतात. विंटेज गाडीला ठरलेल्या किमतीची पॉलिसी मागता येते. तिथे मूल्यांकनाचा कागद आणि फोटो नसतील तर एजंट एखाद्या जुन्या मारुतीचा आकडा लिहून मोकळा होतो.

तिसरी किंमत वाटणीची. तीन भावांपैकी एकाला गाडी हवी, दोघांना पैसे. इथे दोन वेगळ्या माणसांकडून लेखी अंदाज घ्या आणि दोघांनाही गाडी कोणाकडे जाणार ते सांगू नका.

विकणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. घरची गाडी ही वैयक्तिक वापराची वस्तू, म्हणून नफ्यावर कर नाही, असं सर्रास सांगितलं जातं. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये १९३१ च्या एका फोर्डच्या प्रकरणात ते मान्य केलं नाही. ती गाडी २० हजारांना घेऊन २१ लाखांना विकली होती, आणि मालकाला ती स्वतः वापरल्याचा पुरावा देता आला नाही. सीएला आधी विचारा, इसार घेतल्यावर नको.

गाडी नेमकी कोणती आहे

"जुनी एमजी" हे उत्तर नव्हे. टीसी, टीडी आणि टीएफ लांबून बहिणी वाटतात, पण बाजार त्यांना वेगळा भाव देतो. टीसीची चाकं १९ इंची, तारांची, सायकलसारखी अरुंद. टीडीची चाकं १५ इंची, बहुधा पत्र्याच्या डिस्कची, आणि पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र. टीएफचे हेडलाइट मडगार्डमध्ये मुरवलेले आणि जाळी मागे झुकलेली. टीएफमध्येही १२५० आणि १५०० सीसी असे दोन प्रकार आहेत. ९,६०० पैकी १५०० वाल्या ३,४०० च बनल्या, म्हणून त्यांना जास्त मागणी. डॅशबोर्डही बघा. टीसीत ड्रायव्हरसमोर आरपीएमचा काटा असतो आणि स्पीडोमीटर शेजारच्या माणसासमोर. कंपनीला ड्रायव्हरपेक्षा त्याच्या बायकोला वेग कळणं महत्त्वाचं वाटलं असावं.

याच पायरीवर रेप्लिका बाजूला काढा. जीप नाहीतर जिप्सीच्या चॅसीवर फायबर किंवा पत्र्याची बॉडी ठोकून "१९४८ ची एमजी" म्हणून गाड्या फिरतात, लग्नाच्या वरातीत शोभतातही. त्यांना किंमत आहे, पण ती केलेल्या कामाची. या लेखातली कोणतीच पायरी त्यांना लागू नाही.

नंबर: पेन्सिल आणि कागद घेऊन जा

आरटीओत चॅसीची पेन्सिल प्रिंट घेतात तशी तुम्हीच घ्या. नंबराची जागा रॉकेलच्या बोळ्याने पुसा, पातळ कागद ठेवा, पेन्सिल आडवी फिरवा. सँडपेपर लावू नका. उथळ झालेले आकडे कायमचे जातील आणि पुढच्या गिऱ्हाइकाला ती खाडाखोड वाटेल.

टीसीचा नंबर चॅसीच्या पुढच्या डाव्या टोकाशी ठोकलेला असतो. मालिका ०२५१ पासून सुरू होते. एमजीच्या इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता आणि एमजीवाल्यांनी हौसेने तिथूनच मोजायला सुरुवात केली. कोणी तुम्हाला टीसी ०१०० दाखवली तर चहा पिऊन निघा. इंजिनचा नंबर 'एक्सपीएजी' अक्षरांनी सुरू होतो आणि अष्टकोनी पितळी पट्टीवर असतो. या पट्ट्या आज नव्या बनवून मिळतात, म्हणून पट्टीवर विश्वास कमी, चॅसीवरच्या ठोकणीवर जास्त. पट्टीचे रिव्हेट चकचकीत आणि भोवतालचं लोखंड पन्नास वर्षांचं काळं असेल तर का ते विचारा.

मूळ इंजिन असेल तर किमतीत सरळ फरक पडतो. आपल्या देशात सुटे भाग मिळत नव्हते त्या काळात मेकॅनिकने जे हाताशी होतं ते बसवलं, आणि गाडी चालती ठेवली म्हणून त्याचे आभारच मानायला हवेत. एमजीए या टीएफनंतरच्या मॉडेलचं उदाहरण मजेशीर आहे. १९५५ च्या एमजीएचं १४८९ सीसी इंजिन आणि आपल्या ॲम्बॅसॅडरचं १४८९ सीसी इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) एकाच बी-सिरीज घराण्यातलं. ॲम्बॅसॅडरचं इंजिन एमजीएत गेलेलं असेल तर गाडी सुरेख चालेल, भागही मिळतील, मालक अभिमानाने सांगेलही. किंमत मात्र मूळ इंजिनवाल्या गाडीच्या खालीच राहणार. मूळ इंजिन कोपऱ्यात गोणपाटाखाली पडलं असेल, फुटलेलं का असेना, ते सौद्यात घ्या आणि त्याची किंमत धरा. डिझेल इंजिन घातलेलं असेल तर गाडी "सुट्या भागांची" या रकान्यात टाका, मग बघू.

एमजीए, एमजीबी, ट्रायम्फ अशा गाड्यांसाठी इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवता येतं. जॅग्वारसाठी तसंच काम त्यांचा हेरिटेज ट्रस्ट करतो. कारखान्यातून गाडी कधी निघाली, मूळ रंग कोणता, इंजिन नंबर काय, कुठे पाठवली, हे त्यात येतं. थोडक्या पौंडांचा खर्च आहे आणि त्याने लाखांचे वाद मिटतात.

कागद

आरसी बुक हा गाडीचा सातबारा. जमीन कितीही काळीभोर असली तरी सातबाऱ्यावर वाद असेल तर तिचा भाव पडतो, इथेही तेच.

आधी बघा की आरसीवरचा चॅसी नंबर आणि तुमची पेन्सिल प्रिंट जुळते का. एक आकडा चुकलेला असणं जुन्या हस्तलिखित बुकात नवीन नाही, पण तो दुरुस्त करून घ्यायला वेळ आणि चपला दोन्ही झिजतात, आणि ती झीज किमतीतून वजा होते. १९८९ च्या आधीचे बी.एम. किंवा एम.आर. ने सुरू होणारे तीन अक्षरी नंबर असतील तर ते ऑनलाइन 'वाहन' प्रणालीत चढले आहेत का ते तपासा. नसतील तर बॅकलॉग एंट्री करावी लागेल. गाडी एमएच-१५ ची असेल तर पेठ रोडवरच्या आरटीओत चौकशी करता येते. मुंबईची असेल तर तिथल्या कार्यालयात जावं लागेल, परराज्यातली असेल तर तिथली एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागेल. ज्यांनी हे केलंय ते यापुढचं सांगताना उसासा टाकतात.

मालक वारला असेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ आहे. आजोबा गेले, वडील गेले, आणि बुक अजून आजोबांच्याच नावावर, हे घरोघरी आहे. अशा गाडीचा सौदा करण्याआधी सगळ्या वारसांची संमती लेखी हवी, अमेरिकेतल्या आत्यासकट. आत्या राहून गेली म्हणून सौदे मोडतात. तुम्ही घेणारे असाल तर हे काम विकणाऱ्याने पूर्ण करून द्यावं, ही अट घाला आणि ते होईपर्यंत इसारापलीकडे पैसे देऊ नका.

आता २०२१ च्या जुलैत आलेल्या केंद्राच्या नियमांबद्दल. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या, व्यवसायासाठी न वापरल्या जाणाऱ्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना 'विंटेज' नोंदणी घेता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, नंतरच्या फेरनोंदणीला ५ हजार, मुदत दहा वर्षं. नव्याने नोंदलेल्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' असलेला नंबर मिळतो. आधीपासून नोंदणी असलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो, आणि तो ठेवाच, कारण जुना मूळ नंबर हासुद्धा किमतीचा भाग आहे. दोन अटी मात्र मूल्यांकनाच्या मुळाशी जातात. गाडी मूळ स्वरूपात हवी, म्हणजे चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरबदल झालेला नको. आणि विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. कॉलेज रोडवर दर रविवारी चक्कर मारायचं स्वप्न असलेल्या गिऱ्हाइकाला हे आधी सांगितलं तर तो कमी देईल, नंतर कळलं तर भांडेल.

सांगाडा: पत्र्याच्या आत लाकूड असतं

इथे घाई करू नका, निम्मी किंमत इथे लपलेली असते.

टीसी, टीडी, टीएफ या तिन्हींची बॉडी लाकडी चौकटीवर पत्रा चढवून बनवलेली. मूळ लाकूड ॲश या विलायती झाडाचं. रंग कितीही झळकत असला तरी आतलं लाकूड कुजलं असेल तर बॉडी उतरवून नवी चौकट करावी लागते, आणि या गाडीचं ते सगळ्यात महाग काम. तपासायची रीत साधी आहे. टीसीच्या दाराच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असतात. दार उघडा, मोकळ्या टोकाला धरून हलकेच वर उचला. बिजागरीची पिन झिजली असेल तर फक्त दार हलेल. बिजागरीमागचा अख्खा खांब हलला तर लाकूड गेलं. मग खाली आडवे व्हा आणि दाराखालच्या आडव्या लाकडाला, मागच्या चाकांच्या कमानींच्या आतल्या बाजूला, सीटमागच्या चौकटीला बारीक टोच्या लावून बघा. मालकाची परवानगी घेऊन. टोच्या सहज आत गेला की तिथेच वहीत लिहा.

आमच्या भागात दोन वेगळे आजार दिसतात. नाशिक शहराची हवा मुंबईच्या मानाने कोरडी, त्यामुळे पत्रा जास्त टिकतो, पण उन्हाळ्यात लाकूड आकसून सांधे ढिले होतात आणि वाळवी लागते. इगतपुरी-घोटीकडे ठेवलेल्या किंवा मुंबईहून आणलेल्या गाडीला उलट गंज. म्हणून गाडी कुठे उभी होती हे विचारताना "गेली वीस वर्षं" एवढ्यावर थांबू नका. त्याआधी दादरला समुद्राजवळ तीस वर्षं काढली असतील.

लाकूड बदललेलं असेल तर आपल्याकडे ते बहुधा सागाचं असतं. चोखंदळ मंडळी यावर नाकं मुरडतात, कारण साग मूळचा नाही. माझं मत थोडं वेगळं आहे. गाडी इथेच राहणार, इथलीच वाळवी तिला खाणार. नीट मापात, नीट सांधे धरून केलेली सागाची चौकट कुजक्या मूळ ॲशपेक्षा कितीतरी बरी आणि गिऱ्हाईकही तसंच मानतं. फक्त "मूळ" म्हणून तिचे पैसे मागू नका.

पत्र्यासाठी फ्रिजवरचं पातळ चुंबक रुमालात गुंडाळून फिरवा. जिथे धरत नाही तिथे खाली पुट्टी. डेंटिंग-पेंटिंगवाल्यांकडचं पेंटची जाडी मोजणारं मीटर मिळालं तर उत्तमच. पण ॲल्युमिनियमची बॉडी चुंबकाला धरतच नाही. जॅग्वार एक्सके १२० च्या पहिल्या २४० गाड्या ॲल्युमिनियमच्या होत्या. तसली समोर आली आणि तुम्ही "सगळी पुट्टीच आहे" म्हणालात तर मालक गालात हसेल आणि पुढचं काही सांगणार नाही.

चॅसी सरळ आहे का ते कर्ण मोजून कळतं. पुढच्या डाव्या टोकापासून मागच्या उजव्या टोकापर्यंत आणि उलट. दोरी आणि ओळंबा पुरे.

इंजिन, चाकं वगैरे

लोकांना वाटतं तितकं वजन इंजिनला नाही, कारण लोखंड दुरुस्त होतं. आणि नाशिकमध्ये तर ते चांगलं होतं. सातपूर-अंबडच्या टूलरूममध्ये बुश, पिन, शाफ्ट मापात करून देणारी माणसं आहेत, कारखान्यांतून निवृत्त झालेले फिटर आहेत. तांब्या-पितळेच्या रेडिएटरला डाग द्यायला जुन्या नाशकातली तांबट मंडळी आहेत. त्यामुळे मुंबईच्या रेस्टोररने दिलेलं कोटेशन जसंच्या तसं वजा करू नका. इथल्या दोन ठिकाणी विचारून आकडा घ्या.

गाडी गार असताना जा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर गप्पा मारत बसा, गार होऊ द्या. सुरू झाल्यावर निळा धूर, रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग, गरम झाल्यावर ऑइल प्रेशर. टीसीच्या इंजिनला चालताना ४० ते ६० पौंड दाखवायला हवं. बरंच खाली असेल तर इंजिन उघडायचा खर्च धरा.

एक्सपीएजी इंजिनची एक गंमत नवख्या मेकॅनिकला माहीत नसते. बोल्टची डोकी ब्रिटिश व्हिटवर्थ मापाची आणि आटे मेट्रिक, तेही बारीक, ८ मिलिमीटरला १ मिलिमीटर पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. हार्डवेअरच्या दुकानातला साधा ८ मिलिमीटरचा बोल्ट १.२५ पिचचा. तो जोर करून बसवला की आटे जातात. इंजिनवर दोन-चार ठिकाणी बाजारू बोल्ट दिसले तर आतल्या आट्यांची काय अवस्था असेल त्याचा अंदाज बांधा. गाडीला आजवर कोणाचा हात लागला ते एवढ्यावरून कळतं.

तारांच्या चाकांवर पेन्सिलीने टिचकी मारत जा. ढिली तार बोदा आवाज देते. गाडी थोडी पुढे-मागे करताना चाकापाशी 'टक्' झालं तर स्प्लाइन, म्हणजे चाक ज्यांवर बसतं ते हबचे दाते, झिजलेत, खर्च आहे. टीसीचं टायर ४.५०-१९ मापाचं. १९ इंच जुळतंय म्हणून कोणी बुलेटचं ३.२५-१९ चढवलं असेल तर त्या टायरांची किंमत शून्य आणि त्यावर फेरफटका मारू नका.

फेरफटक्याबद्दल आणखी एक. नोंदणी आणि विमा जिवंत नसेल तर गाडी आग्रा रोडवर काढायची नाही. ओळखीच्या कारखान्याचं कंपाउंड किंवा बागेतला रस्ता पुरतो. ब्रेक, गिअर, स्टेअरिंगचा लूज तिथेही कळतो.

दर्जा लिहा

आता गाडीला एक ते चार यांतला आकडा द्या. अमेरिकेतली हॅगर्टी ही विमा कंपनी अशीच श्रेणी वापरते आणि हौशी मंडळींत ती रुळली आहे. एक म्हणजे स्पर्धेत पहिलं यावं अशी. दोन म्हणजे उत्तम, बारकाईने बघणाऱ्यालाच दोष दिसेल. तीन म्हणजे चालती, बरी, वापरातली. चार म्हणजे चालते पण कामं निघालेली. वर्षानुवर्षं बंद पडलेली गाडी चारच्याही खाली. मालक आपल्या गाडीला एक आकडा वरचा देतोच, आणि घेणारा एक खालचा. तुम्ही वहीत लिहिलेले दोष वाचून दाखवा, वाद आपोआप मिटतो.

न रंगवलेली, मूळ लेदर फाटलेलं, पण काहीही न बदललेली गाडी मिळाली तर तिला घाईने तीन-चारमध्ये ढकलू नका. अशा गाडीला जगभर वेगळी मागणी आहे. विकण्याआधी "जरा चकाचक करून घेऊ" म्हणून रंग मारणं हा यातला सगळ्यात महागडा उत्साह.

तुलना: कोणाच्या भावाशी?

लंडनच्या लिलावातला आकडा घेऊन पौंडाच्या दराने गुणायचं, ही पद्धत इथे चालत नाही. बाहेरून गाडी आणायची तर आयात शुल्क जबर, इथली बाहेर न्यायची तर निर्यातीवर निर्बंध. २०२५ पर्यंत १९५० पूर्वीच्याच गाड्या आणता येत होत्या. आता ५० वर्षांहून जुन्या आणता येतात, पण शुल्क आहेच. म्हणजे भारतातला बाजार हे वेगळं तळं आहे. काही मॉडेल इथे तिकडच्यापेक्षा महाग, काही स्वस्त.

तरी परदेशी आकड्यांचा एक उपयोग आहे. रक्कम सोडा, प्रमाण घ्या. तिकडे दोन नंबरच्या टीसीला चार नंबरच्या टीसीच्या किती पट मिळतात? टीएफ टीसीच्या पुढे किती? हे प्रमाण इथल्या एखाद्या खऱ्या सौद्याला लावून बघा. त्यातही थोडा फेरफार हवा. आपल्याकडे मजुरी स्वस्त आणि मूळ भाग महाग, म्हणून फक्त मजुरीचं काम बाकी असलेल्या गाडीचा भाव इथे कमी उतरतो, आणि भागच गहाळ असलेल्या गाडीचा जास्त उतरतो. हेडलाइट, गेज, विंडस्क्रीनची चौकट, कार्बोरेटर जागेवर आहेत का याची यादी म्हणूनच महत्त्वाची.

इथले सौदे कुठून कळणार? जाहिरातीतला आकडा ही मागणी, किंमत नव्हे. सहा महिने तीच जाहिरात दिसत असेल तर किंमत त्याच्या खाली आहे एवढंच सिद्ध होतं. मुंबईच्या लिलावगृहांनी जुन्या गाड्यांचे ऑनलाइन लिलाव केलेत, त्यांचे निकाल बघा. त्यात हातोडा पडलेली रक्कम आणि त्यावरचं खरेदीदाराचं कमिशन वेगळं असतं हे लक्षात ठेवा. मुंबई-पुण्याच्या विंटेज रॅलीला जाऊन गाडीमालकांशी बोला. "कितीला घेतली?" असं थेट विचारू नका, कोणी खरं सांगत नाही. "अशी गाडी आज मिळवायची तर किती तयारी ठेवू?" असं विचारा.

तीन-चार सौदे मिळाले की पुरे, फक्त ते गेल्या दोन-तीन वर्षांतले असू द्या.

हिशोब

रुपयांऐवजी शंभरावर करून दाखवतो, म्हणजे कोणी हा बाजारभाव समजणार नाही. तीन नंबरच्या, कागद साफ, मूळ इंजिनच्या टीसीला १०० धरा. तुमच्यासमोरची गाडी बंद आहे. कोटेशनं घेतल्यावर समजा असं निघालं: लाकडी चौकट २०, इंजिन १२, चाकं-टायर ६, सीट, टप आणि वायरिंग ७. एकूण ४५. जुन्या गाडीचं काम कधीच कोटेशनमध्ये संपत नाही, म्हणून त्यावर पाव भाग वाढवा, म्हणजे ११. शंभरातून ५६ गेले, ४४ उरले. आता कागद वारसाच्या नावावर व्हायचे आहेत, सहा महिने जातील आणि तेवढ्यात गिऱ्हाईक थंड पडेल, म्हणून खालचं टोक ३५ ला ठेवा. तुमचं उत्तर "३५ ते ४४".

एकच ठाम आकडा सांगणाऱ्या जाणकारापासून सावध राहा. पट्टा द्यायचा, आणि तो का तसा आहे ते लिहायचं.

वजाबाकी शून्याखाली जात असेल तर गाडी फुकट आहे असा अर्थ नाही. चॅसी नंबर, कागद आणि जागेवर असलेले भाग यांना स्वतःची किंमत असते, आणि पूर्ण रेस्टोरेशनला निघालेला हौशी माणूस खर्च वसूल व्हावा म्हणून निघालेला नसतोच. विकणाऱ्याने मात्र उलट हिशोब करू नये: "मी रेस्टोरेशनला एवढे घातले, म्हणून एवढे द्या." बाजार बिलं बघून पैसे देत नाही. बिलं जपा, ती कामाचा पुरावा म्हणून उपयोगी पडतात.

गोष्टी, आणि इसार

"ही संस्थानिकांची गाडी", "तोफखान्याच्या इंग्रज साहेबाने जाताना आजोबांना दिली", अशा कथा देवळालीत पैशाला पासरी. खऱ्या असतील तर किंमत वाढते, पण वाढ कागदाला मिळते, कथेला नाही. जुन्या आरसीवरची नावं, खरेदीचं पत्र, त्या काळचा गाडीसोबतचा फोटो ज्यात नंबर प्लेट वाचता येते, सर्व्हिसची बिलं. यांतलं काही असेल तर १० ते १५ टक्के वर मागायला माझी हरकत नाही. काहीच नसेल तर कथा ऐका, चहाचं कौतुक करा, आकडा बदलू नका.

सौदा ठरला की इसार पावतीवर एवढं लिहून घ्या: चॅसी आणि इंजिन नंबर तुमच्या पेन्सिल प्रिंटसकट, गाडीसोबत येणाऱ्या सुट्या भागांची यादी, कागद कोणाच्या खर्चाने आणि कोणत्या तारखेपर्यंत नावावर होणार, आणि न झाल्यास इसार परत मिळणार का. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही होईपर्यंत गाडी जागेवरून हलवू नका. हलवायचीच झाली तर विकणाऱ्याच्या लेखी परवानगीने आणि टोइंगच्या ट्रकवर. ट्रकवाल्याला आधीच बजावा की पट्टे चाकांच्या तारांतून घालायचे नाहीत, ॲक्सलला बांधायचे.